वाचकांचे प्रश्न : एक प्रोसेसर, दोन एम्युलेटर

प्रश्न : मी सांगलीत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून झेडएक्स स्पेक्ट्रम या १९८२ सालच्या संगणकाचा एम्युलेटर (जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम) लिहीत आहे, मिरजेचा माझा मित्र सेगा मास्टर सिस्टीम या गेम खेळण्याच्या यंत्राचा लिहितो. दोन्हींत झेड-८० हाच प्रोसेसर असल्याने मी त्याचा प्रोसेसरचा कोड जसाच्या तसा घेतला, पण माझ्याकडे कीबोर्ड काही केल्या चालत नाही. असा कोड वाटून घ्यावा, की ज्याने त्याने आपापला लिहावा?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : जरूर वाटून घ्यावा, मात्र त्यात फक्त चिप असावी, चिपभोवतीचे यंत्र नसावे. मास्टर सिस्टीम पोर्टच्या (प्रोसेसरने बाहेरच्या उपकरणांशी बोलण्याच्या दाराच्या) पत्त्यातील खालच्या ८ बिटांकडेच पाहते, म्हणून आपल्या मित्राने पोर्ट वाचणाऱ्या फंक्शनला तेवढेच बिट दिले असावेत, असा माझा कयास आहे. खरा झेड-८० मात्र पत्त्याच्या सर्व १६ तारा वापरतो. ‘इन ए, (२५४)’ ही पोर्ट वाचण्याची आज्ञा चालते तेव्हा वरच्या ८ तारांवर ‘ए’ रजिस्टरमधील (प्रोसेसरच्या आतल्या खान्यातील) मूल्य येते आणि कीबोर्डची कोणती ओळ वाचायची, हे स्पेक्ट्रममध्ये त्याच तारांवरून ठरते. फंक्शनला पूर्ण पत्ता द्या. ज्याला वरचा अर्धा भाग नको असेल, त्याने तो आपल्या बाजूला टाकून द्यावा.

दुसरी अडचण अजून आपल्या लक्षात आली नसावी, ती वेळेची. ‘इन्क (एचएल)’ या आज्ञेला ११ टी-स्टेट (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) लागतात, पण त्या एकगठ्ठा नसतात : आज्ञा उचलायला ४, स्मृतीतील मूल्य वाचून वाढवायला ४ आणि ते परत लिहायला ३. स्पेक्ट्रममध्ये चित्र पडद्यावर रेखाटले जात असताना खालच्या १६ किलोबाइट रॅमला हात लावला, तर यूएलए ही चित्र रेखाटणारी चिप प्रोसेसरला थांबवून ठेवते, आणि हा खोळंबा प्रत्येक वाचनाच्या व लेखनाच्या नेमक्या क्षणावर अवलंबून असतो. त्यामुळे आज्ञा संपल्यावर ‘११’ एवढेच सांगणारा कोड मास्टर सिस्टीमला बहुतांशी पुरला, तरी तुम्हाला पुरणार नाही. स्मृतीला हात लावण्याच्या प्रत्येक वेळी घड्याळ किती पुढे गेले, हे कोडने यंत्राला कळवले पाहिजे. या सोयीमुळे वेग थोडा कमी होतो, पण आजच्या संगणकांवर ती तक्रार करण्याजोगी नाही.

उलट बाजूने मित्राच्या गरजाही आहेतच. मास्टर सिस्टीमचे ‘पॉज’ बटण एनएमआय या इंटरप्टला (प्रोसेसरला टाळता न येणाऱ्या व्यत्यय-संकेताला) जोडलेले आहे, तेव्हा तुम्हाला विशेष उपयोग नसला तरी तो भाग काढू नका. रजिस्टरे ग्लोबल चलांत (साऱ्या प्रोग्रॅममध्ये ज्यांची एकच प्रत असते अशा चलांत) न ठेवता एका स्ट्रक्चरमध्ये ठेवा. १९८१ सालच्या ‘गॅलागा’ या आर्केड गेमच्या यंत्रात तीन झेड-८० आहेत, आणि असे यंत्र उद्या कोणाला करावेसे वाटले तर ग्लोबल चलांचा कोड पुन्हा लिहावा लागेल.

कोडआधी चाचण्या सामाईक करा, असा माझा आग्रह राहील. ‘झेक्सऑल’ हा जुना चाचणी-कार्यक्रम आज्ञांमागून आज्ञा चालवतो आणि अधिकृत माहितीपत्रकात नसलेल्या फ्लॅगांसह (निकालाविषयी खुणा ठेवणाऱ्या बिटांसह) निकाल पडताळतो. तो सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी लिहिलेला असल्याने अक्षरे छापण्याच्या दोन सोयी पुरवल्या की कोणतेही यंत्र न जोडता चालतो. वेळेची आणि पोर्टच्या पत्त्याची तपासणी मात्र त्यातून होत नाही, ती तुम्हालाच लिहावी लागेल. प्रोसेसरच्या कोडचे भांडार (रिपॉझिटरी) वेगळे ठेवा, आणि दोघांच्याही चाचण्या पार झाल्याखेरीज त्यात बदल स्वीकारू नका.

प्रश्न : मेम (एमएएमई) या आर्केड यंत्रांच्या प्रसिद्ध एम्युलेटरचा तयार कोड आपल्या एम्युलेटरमध्ये वापरता येतो का?
— एक वाचक, कराड, जि. सातारा

उत्तर : येतो, पण फाइलच्या माथ्यावरचा परवाना वाचून. १९९७ साली सुरू झालेल्या मेमच्या जुन्या परवान्यात व्यावसायिक वापराला मनाई होती. २०१६ पासून संपूर्ण प्रकल्प जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, तर बहुसंख्य फाइली स्वतंत्रपणे बीएसडी या अधिक सैल मुक्त परवान्याखाली मिळतात. बीएसडी फाइल घेतली तर मूळ लेखकाची हक्कसूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवणे पुरते; जीपीएल फाइल घेऊन एम्युलेटर इतरांना दिला, तर तुमचा संपूर्ण कोडही त्याच अटींवर खुला करावा लागतो. ‘केवळ अव्यावसायिक वापरासाठी’ असे लिहिलेला कोड जीपीएलमध्ये मिसळता येत नाही. सांगलीच्या वाचकांनीही सामाईक कोडचा परवाना आताच ठरवावा, कारण पुढे तो बदलायचा झाल्यास ज्यांनी ज्यांनी कोड लिहिला त्या सर्वांची संमती लागेल.