स्नोबोर्डचं माप : उंचीवर की वजनावर?

प्रश्न : फेब्रुवारीत आम्ही दोघे भाऊ गुलमर्गला स्नोबोर्ड शिकायला जाणार आहोत. बोर्ड तिथंच भाड्यानं घेऊ. उभा केल्यावर हनुवटीला लागेल तो बोर्ड घ्यावा, असं ऐकलंय. दोघांचीही उंची ५ फूट ७ इंच आहे. माझं वजन ७८ किलो, लहान्याचं ५५. एकच माप चालेल का? माझा बूट ९ नंबरचा. – एक वाचक, लातूर

उत्तर : नाही चालणार. हनुवटी हा ढोबळ अंदाज झाला. बोर्ड वाकतो तो अंगाच्या भारानं, म्हणून कंपन्या वजनाचा तक्ता देतात. आधी तो बघा. शिकायला तुम्हाला १५४ ते १५७ सेंटिमीटरचा, जरा मऊ बोर्ड बरा. लहान्याला १४५ च्या आसपास. तुमचा बोर्ड त्याच्या भारानं नीट दबणार नाही. वळण घेता घेता बिचारा आपटत राहील. त्याचा तुम्ही घेतलात तर वेगात थरथरेल आणि भुसभुशीत बर्फात त्याचं टोक रुतेल.

खरी फसगत होते ती रुंदीत. बोर्डवर पाय आडवे ठेवतात, म्हणून पाऊल घरीच मोजा. मोजे काढून टाच भिंतीला टेकवा, सगळा भार त्या पायावर द्या, बोटांपुढे वही उभी धरा आणि भिंतीपासून वहीपर्यंतचं अंतर घ्या. ९ नंबरला ते साधारण २८ सेंटिमीटर भरतं. अशा पावलाला मधोमध २५ ते २६ सेंटिमीटर रुंद बोर्ड लागतो. दुकानात बूट बाइंडिंगमध्ये (बोर्डवर बूट धरणाऱ्या पट्ट्यांत) आवळून बघा : पुढून बोटं आणि मागून टाच सारखीच, एक-दीड सेंटिमीटर बाहेर आली तर ठीक. त्याहून बरीच जास्त आली, तर बोर्ड कलताच बूट बर्फाला घासतो, बोर्डची कड बर्फावरून सुटते आणि माणूस पडतो. फार रुंद बोर्ड मात्र एका कडेवरून दुसरीवर जायला आळशी.

बुटाच्या बाबतीत घाई नकोच. उभं राहिल्यावर बोटं पुढं जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवल्यावर टाच उचलू नये. उचलली तर अर्धा नंबर कमी घ्या. मोज्यांवर मोजे चढवून सैल बूट भरू नका, त्यानं पाय उलट गार पडतात.

'गुलमर्गचा बर्फ खोल, लांब बोर्ड न्या,' असंही कुणी सांगेल. ते गोंडोलाच्या (तिथल्या रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावरून, अफरवट शिखरावरून उतरणाऱ्यांसाठी. तुम्ही शिकणार खालच्या सौम्य उतारावर. तिथं दोन मापांत अडलात तर आखूड घ्या.