गिटारचा सूर थांबूच न देणारा 'ईबो' कसा तयार झाला?

तुम्ही विचारलंय, गिटारचा सूर व्हायोलिनसारखा अखंड ठेवणारं यंत्र कसं बनलं, नुसता अँपचा (गिटारचा आवाज मोठा करून स्पीकरमधून काढणाऱ्या यंत्राचा) आवाज वाढवून ते जमत नाही का, आणि नायलॉनच्या तारांच्या गिटारवर ते चालेल का.

अँपने जमतं. स्पीकरचा आवाज तारेला पुन्हा हलवतो आणि सूर टिकतो. बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत १९७७ मध्ये गिटारवादक रॉबर्ट फ्रिपने गायक डेव्हिड बोवीच्या 'हीरोज' या गाण्यासाठी हेच केलं. अँपपासून किती अंतरावर उभं राहिलं की कुठला सूर धरतो, त्या जागा ठरवून तो तिथे उभा राहून वाजवायचा. ते ईबोचं काम आहे असं पुष्कळ जण सांगतात, पण ते खरं नाही. मात्र यासाठी आवाज प्रचंड लागतो.

ग्रेग हीट या अमेरिकन माणसाने १९६९ च्या सुमारास एवढ्या आवाजाशिवाय सूर टिकवण्यावर काम सुरू केलं आणि १९७६ मध्ये ईबो बाजारात आणला. 'बो' म्हणजे व्हायोलिन वाजवायचा गज. मुठीत मावणाऱ्या या डबीत ९ व्होल्टची बॅटरी असते. एक कॉइल (तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं) गिटारच्या तारेचं कंपन ऐकते, छोटा अँप्लिफायर ते वाढवतो, दुसरी कॉइल चुंबकीय क्षेत्राने तारेला ढकलते. खरी मेख ढकलण्याच्या वेळेत आहे. झोक्याला चुकीच्या क्षणी हात लावला तर तो थांबतो, तसंच तारेचं होतं. पुढच्या मॉडेलमध्ये याच वेळेत बदल करून हार्मोनिक (मूळ सुराच्या वरचा बारीक सूर) काढायची सोयही आली.

मी पहिल्यांदा तो तारांवर टेकवला तेव्हा दोन्ही बाजूंच्या तारा त्याच्या खाचांत बसल्या आणि मधली तार न छेडता हळूहळू बोलायला लागली. पिकअपकडे, म्हणजे तारांखालच्या कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागाकडे, सरकवला की सूर फुगत जातो. डाव्या बोटाने तार ओढून त्या सुरावर मींड घेतली, तेव्हा मला सारंगीच आठवली.

नंतर कॅनडाच्या मायकेल ब्रुकने ही यंत्रणा गिटारमध्येच बसवली, तीच 'इन्फिनिट गिटार'. यू-टू या बँडच्या 'विथ ऑर विदाऊट यू' या गाण्यात, १९८७ साली, त्यांचा गिटारवादक द एजने ती वापरली. हात मोकळा राहतो, हा तिचा मोठा फायदा. पण ढकलणाऱ्या कॉइलचं क्षेत्र शेजारच्या पिकअपमध्ये शिरलं तर कर्कश शिट्टी येते. म्हणून अशा गिटारमध्ये ती कॉइल मानेजवळ (दांडीच्या बाजूला) ठेवतात आणि आवाज ब्रिजजवळच्या (दुसऱ्या टोकाला तारा टेकतात त्या घोडीजवळच्या) पिकअपमधून घेतात.

तुमच्या नायलॉनच्या तारांवर मात्र ईबो किंवा इन्फिनिट गिटारची यंत्रणा चालणार नाही. चुंबकाला ओढायला पोलादी तार हवी.