कॉपी झाली, पण नीट झाली का?

प्रश्न : नमस्कार दादा, घरी आठ वर्षं जुना पीसी आहे, विंडोज 10 चा. त्यात सगळे मिळून 300 जीबी फोटो, व्हिडिओ आणि माझ्या वडिलांच्या भजनाची रेकॉर्डिंग आहेत. वडील आता नाहीत, त्यामुळे ती रेकॉर्डिंग गेली तर परत कुठून मिळणार नाहीत. नवीन 1 टीबीची एक्स्टर्नल हार्डडिस्क घेतली आणि साधं कॉपी-पेस्ट लावलं, तर कधी दोन तास दाखवतं कधी सहा तास. परवा रात्री लावून झोपले आणि सकाळी बघते तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच एक विंडो येऊन "ट्राय अगेन की स्किप" विचारत थांबलेली, रात्र फुकट गेली. भाचा म्हणतो टेराकॉपी नावाचं कॉपी करायचं सॉफ्टवेअर टाक, दुकानवाला म्हणतो फास्टकॉपी घ्या जास्त फास्ट आहे. फुकटातलं चांगलं कोणतं? कट-पेस्ट केलं तर लवकर होईल का?
(एक वाचिका, सातारा)

उत्तर : ताई, सगळ्यात आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. कट-पेस्ट अजिबात करू नका. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर कट-पेस्ट म्हणजे आतून आधी कॉपीच होते आणि मग मूळ फाइल उडवली जाते, म्हणजे वेळ तेवढाच लागतो, वर धोका वेगळा. मी स्वतः मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो असेच कट-पेस्ट केले होते, मधेच लाइट गेली, यूपीएस नव्हता. नंतर उघडून बघितलं तर तीस-चाळीस फोटो असे होते की वर केक आणि मेणबत्ती दिसतेय आणि निम्म्यापासून खाली नुसता करडा पट्टा. फाइलचं नाव बरोबर, साईजही बरोबर, पण आत माल नाही. विंडोज फाइलसाठी आधी जागा धरून ठेवतं आणि मग ती भरत जातं, शिवाय "झालं" म्हणून सांगितलेला डेटा थोडा वेळ रॅममध्येच (लाइट गेली की पुसली जाणारी तात्पुरती मेमरी) असू शकतो, त्यामुळे नुसती साईज जुळली म्हणून फाइल नीट आली असं समजता येत नाही. ते फोटो मला परत मिळाले नाहीत आणि अजून वाईट वाटतं, म्हणून हे एवढं कळकळीने सांगतोय.

त्यामुळे सॉफ्टवेअर निवडताना फास्ट कोणतं हे विचारू नका, शेवटी काय काय कॉपी झालं नाही हे नीट सांगतं का आणि झालेलं परत वाचून तपासतं का हे विचारा. वेगाचं गणित बरंचसं केबल आणि डिस्कवर असतं. पीसीच्या पुढच्या बाजूचे पोर्ट जुने यूएसबी 2 चे असतील तर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण 30 एमबी जातात, म्हणजे तुमच्या 300 जीबीला जवळजवळ पावणेतीन तास, आणि ते कोणतंही सॉफ्टवेअर टाकलं तरी तसेच राहणार. मागच्या बाजूला आतून निळ्या रंगाचा पोर्ट असेल तर तो बहुतेक यूएसबी 3 चा असतो, तिथे डिस्क लावा, डिस्कबरोबर आलेलीच केबल वापरा, हाच फरक कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोठा पडेल. आणि दोन तासाचे सहा तास का होतात, तर मोठा व्हिडिओ सरळ एका दमात जातो पण व्हॉट्सॲपच्या फोल्डरमधले हजारो बारके फोटो आले की प्रत्येकासाठी नवी नोंद करायची, अँटीव्हायरस प्रत्येकाला तपासणार, त्यात वेळ जातो, आणि विंडोजचा अंदाज आत्ताच्या वेगावर चालत असल्यामुळे तो सारखा बदलतो. त्या आकड्याकडे बघत बसू नका.

आता तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट, टेराकॉपी घ्या. घरगुती वापराला फुकट आहे आणि वापरायला सोपं आहे. एखादी फाइल वाचता आली नाही तर दोन-चार वेळा प्रयत्न करून तिला सोडून पुढे जातं, तुमच्यासारखी रात्र वाया जात नाही, आणि शेवटी न झालेल्या फाइल वेगळ्या दिसतात, तेवढ्याच परत लावता येतात. त्यात व्हेरिफाय नावाचा पर्याय आहे तो चालू करा. त्यात काय होतं तर प्रत्येक फाइलमधल्या सगळ्या मजकुरावरून एक लांबलचक आकडा काढतात, त्याला चेकसम म्हणतात, मूळ फाइलचा आणि कॉपीचा आकडा जुळला तर कॉपी बरोबर, आत एवढासा बदल असला तरी आकडा वेगळा येतो. सगळं परत वाचायचं असल्यामुळे वेळ जवळजवळ दुप्पट लागेल, लागू दे. वडिलांच्या भजनाचं फोल्डर तर वेगळं, आधी आणि व्हेरिफाय लावूनच करा. इन्स्टॉल करताना "विंडोजच्या कॉपीऐवजी हेच वापरा" असा पर्याय दिसला तर सध्या बंद ठेवा, आधी हात बसू द्या. डाउनलोड मात्र बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरूनच, फुकट सॉफ्टवेअर गोळा करून देणाऱ्या साइटवरून नको, बरोबर नको ती चार ॲप्स येतात.

फास्टकॉपी वाईट नाही, उलट जपानच्या शिरोझु हिरोआकी यांनी बनवलेलं हे सॉफ्टवेअर मी स्वतः वापरतो, घरगुती वापराला फुकटच आहे, विंडोजची कॅश, म्हणजे रॅममधली ती तात्पुरती जागा, न वापरता थेट डिस्कवर लिहितं त्यामुळे तपासणीही खरोखर डिस्कवरून वाचूनच होते. पण तुम्हाला पहिल्यांदा देणार नाही, कारण त्याच्या विंडोत मोड निवडायचा असतो आणि तिथे चुकून सिंक निवडलं तर मूळ फोल्डरमध्ये नसलेलं सगळं दुसऱ्या बाजूचं पुसलं जातं. पुढे वापरायचं झालं तर डिफ हाच मोड ठेवा, त्यात आधी झालेल्या फाइल सोडून फक्त नव्या जातात, मधे बंद पडलं तरी परत चालू केलं की तिथून पुढे.

काही वाचक मला नेहमी विचारतात की काही इन्स्टॉलच करायचं नसेल तर, त्यांच्यासाठी रोबोकॉपी हे कॉपीचं साधन विंडोजमध्ये व्हिस्टा या जुन्या आवृत्तीपासून आतच आहे, कमांड टाइप करून चालतं. लांबलचक पाथ, म्हणजे फाइलचा सगळ्या फोल्डरच्या नावांसकट पत्ता 260 अक्षरांच्या पुढचा, जिथे साधी कॉपी अडते तिथे हे चालतं. पण त्याची एक गोष्ट माहीत असलीच पाहिजे. फाइल वाचता आली नाही तर ते मुळात 10 लाख वेळा प्रयत्न करायला बसवलेलं आहे, दर वेळी 30 सेकंद थांबून, म्हणजे एका खराब फाइलवर साडेअकरा महिने! म्हणून कमांडच्या शेवटी स्लॅश आर कोलन 2 (/R:2) आणि स्लॅश डब्ल्यू कोलन 5 (/W:5) लिहायचंच, म्हणजे दोनदा प्रयत्न, पाच सेकंद थांबून, मग पुढे. स्लॅश ई (/E) लिहिलं की आतली सगळी फोल्डर येतात, रिकामी पण. नेटवर कोणी स्लॅश एमआयआर (/MIR) लिहायला सांगितलं तर थांबा, ते सिंकसारखंच पुसणारं आहे, त्यात कुठून आणि कुठे हे उलटं लिहिलं गेलं तर रिकाम्या नव्या डिस्कसारखी तुमची जुनी डिस्क रिकामी होईल. आणि रोबोकॉपी कॉपी झाल्यावर चेकसम तपासत नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती खरं तर सुरू करण्याआधीची आहे. दर वेळी त्याच फाइलवर अडकत असेल तर दोष सॉफ्टवेअरचा नसून जुन्या डिस्कचा असण्याची शक्यता आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं छोटं ॲप टाका, त्यात डिस्कच्या तब्येतीसमोर पिवळ्या रंगात "कॉशन" दिसलं तर बाकी सगळं सोडून भजनं आणि न मिळणारे फोटो पहिले काढून घ्या. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर पीसी बंद करा, कुठलंच सॉफ्टवेअर लावू नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्या, प्रत्येक प्रयत्नाने ती अजून खराब होते. आणि रात्री लावून झोपणार असाल तर पॉवर सेटिंगमध्ये स्लीप "नेव्हर" करा.

प्रश्न : 32 जीबीचा पेनड्राइव्ह पूर्ण रिकामा आहे तरी 6 जीबीचा लग्नाचा व्हिडिओ त्यात जात नाही, फाइल फार मोठी आहे म्हणतो. यालाही वेगळं कॉपी सॉफ्टवेअर लागेल का?
(एक वाचक, नांदेड)

उत्तर : नाही काका, पेनड्राइव्ह फॅट32 मध्ये, म्हणजे फाइल साठवायच्या एका जुन्या पद्धतीत, फॉरमॅट केलेला असणार, त्यात एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी बसत नाही, मग कितीही जागा असू दे आणि कुठलंही सॉफ्टवेअर लावा. पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून फॉरमॅटमध्ये एक्सफॅट निवडा, पण त्यात जे असेल ते सगळं जाईल म्हणून आधी बाजूला काढून ठेवा. जुन्या टीव्हीला लावून दाखवायचा असेल तर आधी लहान व्हिडिओ टाकून बघा, काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत, तसं झालं तर फॅट32 च ठेवून व्हिडिओचे दोन भाग करून घ्यावे लागतील. आणि कॉपी संपली की लगेच उपटू नका, खाली कोपऱ्यात इजेक्ट करून मगच काढा.