रॉकेट इंजिनात इंजेक्टरची (चेंबरमध्ये इंधन फवारणाऱ्या प्लेटची) भोकं 1.5 मिमीऐवजी 1 मिमी केली तर ज्वलन सुधारेल का? (ऐरोली, कॉलेजची टीम, द्रव इंधन, ज्वलन चेंबरमधला दाब 20 बार)

हो, सुधारेल, पण भोकांची संख्या वाढवलीत तरच. थेंब बारीक झाले की वाफ लवकर होते, न जळलेलं इंधन नॉझलबाहेर कमी जातं. मात्र 1.5 मिमीच्या 8 भोकांइतकं क्षेत्रफळ मिळायला 1 मिमीची 18 लागतात. 8च ठेवलीत तर तेवढ्याच प्रवाहाला दाबघट (इंजेक्टरमधून जाताना कमी होणारा दाब) सुमारे पाचपट होईल. ही घट चेंबरमधल्या दाबाच्या साधारण 20 टक्के, म्हणजे 4 बार धरा. फारच कमी ठेवली तर चेंबरमधला चढउतार पाइपलाइनपर्यंत पोचतो आणि इंजिन धकधक करायला लागतं. रबाळे एमआयडीसीत ड्रिलिंग करून घेणार असाल तर बाहेरच्या कडेची बर (ड्रिलिंगनंतर उरणारा धातूचा खरखरीत काठ) काढायला बजावून सांगा. नखाला जेमतेम लागणाऱ्या बरनेही इंधनाची धार वाकते, जिच्यावर आदळायची त्या जोडीच्या धारेला चुकते आणि भिंतीवर एक पट्टा जळून जातो. पाण्यावर चाचणी घेतलीत तर वाकडी धार डोळ्यांनीच दिसेल. भोकं फार बारीकही नकोत: ज्वाळा प्लेटला चिकटते, शिवाय दाबाची वेगवान कंपनं सुरू होऊ शकतात. चांद्रमोहिमांच्या सॅटर्न-5 रॉकेटच्या एफ-1 इंजिनात ती आवरायला इंजेक्टरच्या तोंडावर बॅफल (कंपनं अडवणाऱ्या पट्ट्या) बसवावे लागले होते.