अपॉइंटमेंट रद्द झाली की बरं वाटतं

"दिवसभर लोकांची दुःखं ऐकून तुम्हाला काही होत नाही का?" हा प्रश्न आम्हा समुपदेशकांना हमखास विचारला जातो. होतं ना. पण लोकांना वाटतं तसं नाही.

आमच्याच क्षेत्रातल्या, अकरा वर्षं काम केलेल्या एक बाई माझ्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) बसल्या बसल्या म्हणाल्या, "मॅडम, कुणी अपॉइंटमेंट रद्द केली की सुटल्यासारखं वाटतं. मग स्वतःचीच लाज वाटते." हे सांगताना त्यांचा आवाज अगदी सपाट होता. रडल्या असत्या तर मला कमी काळजी वाटली असती.

त्यांना सेशनच्या जुन्या-नव्या नोंदी नावं झाकून आणायला सांगितल्या. तीन वर्षांपूर्वीची एक : 'आईचा विषय निघाला तशी रुमालाची घडी चारदा मोडली.' आणि आताच्या : 'उदास. पूर्वीसारखंच.' माणसं सहा, शब्द तेच. त्यांनी वाचलं आणि वही मिटली.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टीना मास्लाख यांनी बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणानं आतून रिकामं होण्याची, तीन अंगं सांगितली आहेत : भावनिक थकवा, समोरच्याविषयी कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. थकवा चटकन कळतो. कोरडेपणा ज्याचा त्याला सगळ्यात उशिरा.

सुट्ट्या दोनदा घेऊन झाल्या होत्या. परत आल्यावर वेळापत्रक तेच, मग काय उपयोग! वेळापत्रक उघडलं तर जवळजवळ सगळ्याच केसेस हिंसाचाराच्या, एकापाठोपाठ एक. नव्या अशा केसेस काही महिने थांबवल्या, दोन सेशनमध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवली. सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या केसेसवर दुसऱ्या समुपदेशकाशी नियमित बोलणं, चार वर्षं बंद होतं. "एवढ्या अनुभवानंतर कुणाला विचारायचं?" इथे मी जरा चिडलेच. दर पाच वर्षांनी मनोविश्लेषकानं स्वतः पुन्हा मनोविश्लेषणाला बसावं, त्यात लाज कसली, असं फ्रॉइड यांनी १९३७ मध्येच लिहून ठेवलंय.

आणखी एक गोष्ट आमच्या धंद्यातच आहे. बरी झालेली माणसं यायची थांबतात. समोर उरतात ती अडकलेली. म्हणून दर पंधरवड्याला सुपरव्हिजनमध्ये आम्ही एका संपलेल्या केसवरही बोलायचो.

पाचव्या महिन्यात त्यांनी एक नोंद वाचून दाखवली : 'आज हसताना तोंडावर हात धरला नाही.'

"अशा किती आहेत?" मी विचारलं.

"या आठवड्यात दोनच. बाकी कंटाळवाण्या," त्या म्हणाल्या, आणि घड्याळ बघून उठल्या. चारला त्यांच्याकडे कुणीतरी येणार होतं.