तेज तेवढंच, तरी तारा उजळतो कसा?

इंदूरच्या नव्या सदस्याचे दोन प्रश्न आहेत. ‘ल्युमिनस ब्लू व्हेरिएबल’ म्हणजे एलबीव्ही जातीचा तारा एक-दोन प्रतींनी (प्रत म्हणजे दिसणाऱ्या तेजाचं माप; आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी) उजळतो, पण त्याची तेजस्विता जवळपास तेवढीच राहते, हे कसं? आणि इंदूरमधल्या विजयनगरच्या गच्चीवरून असा एखादा तारा दिसेल का?

तेजस्विता म्हणजे सगळ्या तरंगलांबींची मिळून बाहेर पडणारी ऊर्जा. आपला डोळा त्यातला एक अरुंद पट्टा तेवढा पाहतो. शांत अवस्थेत या ताऱ्याचा पृष्ठभाग समजा 20,000 केल्विन आहे. त्याचा बहुतेक प्रकाश अतिनील, म्हणजे आपल्यापुरता वाया गेलेला. मग बाहेरचे थर फुगतात आणि पृष्ठभाग 8,000 केल्विनपर्यंत उतरतो. ऊर्जा तेवढीच बाहेर पडायची, तर त्रिज्या सहापटीहून थोडी जास्त वाढायला हवी; गणित करून बघा, सोपं आहे. आता तीच ऊर्जा दृश्य पट्ट्यात येते आणि तारा आपल्याला उजळलेला वाटतो. हा खेळ कित्येक वर्षं चालतो. ‘तेवढीच’ हा शब्द मात्र फार ताणू नका: एजी कॅरिनी या एलबीव्ही ताऱ्याची तेजस्विता अशा फुगण्यात थोडी घटल्याचं आढळलंय.

मुळात हे तारे काठावर जगतात. तेजस्विता सूर्याच्या लाखो पट, त्यामुळे प्रकाशाचा बाहेर ढकलणारा दाब गुरुत्वाकर्षणाच्या जवळ पोचलेला. यालाच एडिंग्टन मर्यादा म्हणतात. बाहेरचे थर जेमतेम धरलेले असतात आणि सतत वाऱ्यासारखे उडत राहतात. सूर्य वर्षाला जेवढं वस्तुमान सौरवाऱ्यात गमावतो, त्याच्या सुमारे अब्जपट हे गमावतात.

महाउद्रेक मात्र वेगळी गोष्ट, दोन्हींची गल्लत करू नका. त्यात तेजस्विता खरोखरच वाढते. ईटा कॅरिनी या ताऱ्याचं उदाहरण प्रसिद्ध आहे. 1677 मध्ये खगोलशास्त्रज्ञ हॅलीने तो चौथ्या प्रतीचा नोंदवला होता. 1837 च्या डिसेंबरात जॉन हर्शेलने केप ऑफ गुड होपहून त्याला अचानक उजळलेला पाहिलं, आणि 1843 च्या मार्चमध्ये व्याध सोडला तर रात्रीच्या आकाशात त्याच्याहून तेजस्वी तारा नव्हता. त्या वेळची एक नोंद मला फार आवडते, कारण ती कलकत्त्याची आहे, म्हणजे जवळजवळ आपल्याच अक्षांशावरची. मॅके नावाच्या निरीक्षकाने कळवलं की हा तारा अगस्त्याइतका तेजस्वी आणि रंगाने स्वातीसारखा दिसतोय. स्वाती नारिंगी! ‘निळा’ म्हणवणारा तारा नारिंगी कसा, याचं उत्तर वर आलंच आहे: फुगला, निवला. 2012 मध्ये त्या उद्रेकाचे प्रकाश-प्रतिध्वनी (धुळीवरून परावर्तित होऊन उशिरा पोचलेला तोच प्रकाश) सापडले, तेव्हा वर्णपटावरूनही तापमान सुमारे 5,000 केल्विन निघालं. एवढं वस्तुमान फेकल्यावर धुळीने तारा झाकला गेला आणि नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला. आता तो पुन्हा चौथ्या-पाचव्या प्रतीपर्यंत आलाय.

इंदूरहून तो क्षितिजापासून जास्तीत जास्त साडेसात अंश वर येतो, मार्चच्या मध्यात रात्री पावणेबाराच्या सुमारास. विजयनगरातून नाद सोडा. महूच्या पुढे जानापावसारखी जागा गाठा. तिथे दक्षिणेला विंध्याचा उतार नर्मदेच्या खोऱ्याकडे जातो. तरी एवढ्या खाली वातावरण दीड-दोन प्रती खातं, म्हणजे बायनॉक्युलर हवीच. ग्वाल्हेरच्या मंडळींना तर चारच अंश मिळतात.

गच्चीवरून पाहायचा तो पी सिग्नी, हाही एलबीव्हीच. हंस तारकासमूहाच्या क्रूसावर मधोमध जो सद्र नावाचा तारा आहे, त्याच्या नैऋत्येला अडीच अंशांवर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रात्री आठला तो उत्तरेला 75 अंश उंच असतो, पाऊसही उघडलेला असतो. 1600 साली विलेम ब्लाऊने तो तिसऱ्या प्रतीचा पाहिला, तिथे आधी कोणी तारा नोंदवलेला नव्हता. हल्ली तो पाचवीच्या आसपास असतो, तेव्हा शहरात 10×50 बायनॉक्युलर पुरे.

डोळ्याने काही विशेष दिसणार नाही, हे आधीच सांगतो. निळसर-पांढरा साधा ठिपका. कॅमेरा असेल तर फिल्टरच्या जागी बसणारी डिफ्रॅक्शन ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेषांची काच) घ्या. फोटोत वर्णपटाच्या लाल टोकाकडे हायड्रोजनची चमकती रेघ येते. ती ताऱ्याच्या पृष्ठभागाची नाही, त्या उडत्या वाऱ्याची आहे.