लघवीची तपासणी निर्दोष, तरी जळजळ का थांबत नाही?

पाच महिने लघवीला जळजळ होते, जाऊन आल्यावर दहा मिनिटांत पुन्हा लागल्यासारखे वाटते, तीनदा केलेल्या कल्चरमध्ये (लघवीतील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) काहीच वाढले नाही आणि आता डॉक्टर ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणतात, तर पुढे काय करावे, असा आपला प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. मात्र याच त्रासात माझे दीड वर्ष गेले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

माझी सुरुवात खऱ्या संसर्गाने झाली. ई. कोलाय हा जंतू सापडला, गोळ्या घेतल्या, आठवडाभर बरे वाटले आणि मग जळजळ परतली. सासूबाईंनी उन्हाळी लागली म्हणून सब्जा आणि धण्याचे पाणी सुरू केले (त्याने अपाय काही झाला नाही), तर डॉक्टरांनी कल्चर कोरे असतानाही अंदाजाने अँटिबायोटिकचे आणखी दोन कोर्स दिले. दुसऱ्या कोर्सनंतर बुरशीचा संसर्ग झाला आणि खाज वेगळीच मागे लागली. तपासणीत जंतू नसताना पुन्हापुन्हा अँटिबायोटिक घेत राहणे, ही माझ्या मते मी केलेली सर्वांत मोठी चूक.

रिपोर्टवरील ‘नो ग्रोथ’ याचा अर्थ एवढाच, की नेहमीच्या पद्धतीने वाढणारे जंतू त्या नमुन्यात वाढले नाहीत. नमुना देण्याआधी एखादी अँटिबायोटिक गोळी पोटात गेली असेल, तरीही कल्चर कोरे येऊ शकते. क्लॅमिडिया आणि मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम हे लैंगिक संबंधातून पसरणारे जंतू साध्या कल्चरमध्ये दिसत नाहीत, त्यांच्यासाठी पीसीआर ही जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी लागते. म्हणून आपल्या रिपोर्टमधील ‘पस सेल्स’ची (लघवीतील पांढऱ्या पेशींची) ओळ आधी पाहा. तो आकडा वाढलेला असून कल्चर कोरे असेल, तर आपल्या देशात मूत्रमार्गाच्या क्षयरोगाचा विचार झालाच पाहिजे. त्यासाठी पहाटेची पहिली लघवी लागोपाठ किमान तीन दिवस तपासतात. मूत्रनलिकेच्या खालच्या टोकाला अडकलेला खडाही असाच छळतो, तेव्हा सोनोग्राफी झाली नसल्यास करून घ्यावी. माझ्या पस सेल्स एक-दोनच होत्या आणि सोनोग्राफीही ठीक होती.

उत्तर सापडले ते अनपेक्षित ठिकाणी. युरॉलॉजिस्टांनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या एका फिजिओथेरपिस्टबाईंकडे पाठवले. हातमोजा घालून त्यांनी योनिमार्गाच्या आत डाव्या बाजूला एका बोटाने हलकेच दाबले, आणि लघवीच्या वेळची नेमकी तीच जळजळ मूत्रद्वारापाशी उमटली, जिथे त्यांचा हात लागलेलाही नव्हता. स्नायू दोरीसारखा ताठ झाला होता. शाळेतले स्वच्छतागृह टाळण्यासाठी सकाळी सात ते दुपारी एकपर्यंत लघवी रोखून धरण्याची माझी वीस वर्षांची सवय आणि त्यावर संसर्गाच्या वेदनेने स्नायू आवळून धरणे, असा त्यांनी त्याचा उलगडा केला. मी इंटरनेटवर वाचून रोज केगेल, म्हणजे हेच स्नायू आवळण्याचा व्यायाम, करत होते. आधीच आखडलेल्या स्नायूला आणखी आवळण्याचाच तो प्रकार होता. त्यांनी तो बंद करून पोट सैल सोडून श्वास घेणे, उकिडवे बसणे आणि आठवड्यातून एकदा आतून स्नायू मोकळे करणे सुरू केले. फरक दिसायला तीन महिने लागले.

आपले कारण हेच असेल असे नाही. मूत्राशय भरत आले की दुखते आणि लघवी झाल्यावर हलके वाटते, असे सहा आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल, तर मूत्राशयाच्या वेदनेचा विकार, ज्याला इंटरस्टिशियल सिस्टायटिस म्हणतात, तो असू शकतो. त्यात काहींच्या मूत्राशयाच्या आतील आवरणावर हुनर नावाचे व्रण आढळतात आणि ते मूत्राशयात घातलेल्या दुर्बिणीनेच दिसतात. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटल्याने योनी व मूत्रद्वाराजवळची त्वचा पातळ व कोरडी होऊन जळजळते, त्यावर योनीत लावायचे मलम मिळते. पुरुषांनाही जंतूंविना असा जळजळीचा त्रास होतो. त्यांच्यात त्याला बऱ्याचदा दीर्घकालीन प्रोस्टेटायटिस (प्रोस्टेट ग्रंथीचा दाह) म्हणतात आणि बहुतेकांमध्ये जंतू सापडतच नाहीत. लघवीतून रक्त, ताप, कंबरेच्या वर एका बाजूला दुखणे किंवा लघवी अडणे यांपैकी काही असेल, तर मात्र थांबू नका.

डॉक्टरांकडे जाताना तीन दिवसांची नोंद न्या. मी जुना प्लास्टिकचा मापाचा कप न्हाणीघरात ठेवला होता आणि वेळ, मिलिलिटर, प्यायलेला चहा सारे वहीत लिहीत होते. एका दिवशी बावीस खेपा आणि बहुतेक वेळा सत्तर-ऐंशी मिलिलिटर, हे पान समोर ठेवल्यावर मला पुन्हा कोणी टेन्शनचे नाव सांगितले नाही. त्याच वहीतून दुपारचा चहा आणि लिंबू सरबत मला सोसत नाही हेही कळले. टोमॅटोने काहीच होत नाही, म्हणून सरसकट पथ्य मी पाळत नाही.

सध्या माझ्या खेपा आठ-नऊवर आल्या आहेत. एसटीचा लांबचा प्रवास झाला, की त्या रात्री जळजळ अजूनही परतते. तेव्हा ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवून पडून राहते आणि लघवी तपासायला धावत नाही.